सातारा ते पोलादपूर : सह्याद्रीचा कडा आणि भिंगांची निवड

साताऱ्याहून कासच्या पठारावर चढणारा, तेथून परत खाली येऊन वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या वाटेने घाटमाथा गाठणारा आणि शेवटी आंबेनळी घाटाने पोलादपुरास कोकणात उतरणारा रस्ता अंतराने लहान आहे; डोंगरी वळणे आणि आडफाटे जमेस धरूनही तो दोनशे किलोमीटरांच्या आत संपतो. तरीही जांभ्याचे उघडे पठार, नदीकाठचे दगडी घाट, सरळ तुटलेला कडा, सदाहरित रान आणि गिरिदुर्ग अशी एकमेकांशी न जुळणारी भूदृश्ये तो इतक्या जवळजवळ मांडतो की, भाद्रपद-आश्विनात, म्हणजे पाऊस ओसरू लागलेला असताना आणि गवत अजून हिरवे असताना, कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांची वर्दळ येथे मोठी असते. अशा प्रवासाला निघणाऱ्याला मिळणारा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : भूदृश्य टिपायचे तर रुंद कोनाचे भिंग घ्यावे. हा रस्ता त्या सल्ल्याला पहिल्या चढापासूनच हरकत घेत जातो, आणि ती हरकत नीट समजावी म्हणून भिंगांची थोडी परिभाषा आधी पाहून घेणे सोयीचे ठरते.

भिंगाची फोकल लेंग्थ, म्हणजे त्याचे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये सांगतात. फार दूरच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगातून गेल्यावर जेथे एकत्र येतात तेथपर्यंतचे ते अंतर होय. हे अंतर जितके लहान तितका भिंगाचा दृश्यकोन, म्हणजे एका चौकटीत मावणाऱ्या दृश्याचा विस्तार, मोठा असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या संवेदकावर, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, १६ मिलिमीटरचे भिंग चौकटीच्या कर्णावर सुमारे १०७ अंश पाहते, ५० मिलिमीटरचे सुमारे ४७ अंश, २०० मिलिमीटरचे सुमारे १२ आणि ४०० मिलिमीटरचे केवळ ६ अंश. संवेदक लहान असेल तर तेच भिंग अधिक अरुंद पाहते. ज्या कॅमेऱ्यांचा गुणक १.५ आहे त्यांत २४ मिलिमीटरचे भिंग ३६ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते, त्यामुळे पुढे येणारे सर्व आकडे फुल फ्रेमचे समजावेत. रुंद भिंग दूरच्या गोष्टी आणखी दूर ढकलते आणि लांब भिंग त्यांना एकमेकींवर दाबते असे सर्रास म्हटले जाते, पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांतील प्रमाण खरे तर छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर ठरते. भिंग फक्त त्या दृश्याचा केवढा तुकडा कापून घ्यायचा हे ठरवते. घाटात या भेदाला फार महत्त्व येते, कारण तेथे उभे राहण्याची जागा माणसाला क्वचितच निवडता येते.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे १७०८ मध्ये झाला आणि मराठी राज्याची गादी येथे स्थिरावली, मात्र पेशव्यांच्या उत्कर्षाबरोबर कारभाराचे केंद्र पुण्याकडे सरकले. शहरातून पश्चिमेकडे निघणारा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून सुमारे १२०० मीटर उंचीवरील कासच्या पठारावर नेतो. या पठाराचा पृष्ठभाग जांभ्याचा आहे. उष्ण हवामानात आणि मुसळधार पावसात बेसॉल्ट खडक दीर्घकाळ झिजत राहिला की त्यातील सिलिका आणि इतर विद्राव्य द्रव्ये धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात आणि तांबूस, सच्छिद्र, वरून कठीण असा थर तयार होतो. त्यावर माती जेमतेम बोटभर साठते, पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात खडक तापून निघतो, त्यामुळे झाडे तेथे मूळ धरत नाहीत आणि सगळी जमीन चार महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या लहान वनस्पतींच्या ताब्यात जाते. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्राची चार आहेत आणि कास त्यांपैकी एक आहे; कोयना, चांदोली आणि राधानगरी ही उरलेली तीन.

नव्याने आलेल्या पाहुण्याला येथे पहिला धक्का बसतो तो फुलांच्या आकाराचा. छापील चित्रांत क्षितिजापर्यंत पसरलेला गुलाबी-जांभळा गालिचा पाहून आलेल्या माणसाच्या पायाशी प्रत्यक्षात घोट्याएवढ्या उंचीचा तेरडा असतो, त्याच्या मध्ये गवत, चिखल आणि उघडा खडक असतो, आणि निळसर-जांभळी सीतेची आसवे तर खाली वाकल्याखेरीज ध्यानातही येत नाहीत. १६ मिलिमीटरचे भिंग येथे उभ्याने लावले तर गालिचा विरून जातो. चौकटीचा अर्धा भाग पायापाशी दिसणाऱ्या विरळ जागा व्यापतात आणि दूरचे दाट ताटवे एका पट्टीत चेपले जातात. ज्या चित्रांनी कासची कीर्ती पसरवली त्यांतील बरीचशी लांब भिंगांतूनच निघालेली असावीत, असे त्यांची ठेवण पाहता वाटते, कारण कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला आणून १०० ते २०० मिलिमीटरच्या भिंगातून पठार तिरपे पाहिले की एका फुलामागचे दुसरे फूल मधली मोकळी जागा झाकून टाकते आणि रंग सलग होतो. याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही. पठारावर चालणाऱ्या माणसाची नजर दहा-वीस पावले पुढच्या जमिनीवर अशीच तिरपी पडत असते, आणि तिला जो सलग रंग दिसतो तोच लांब भिंग दाखवते.

लांब भिंगाच्या बाजूने येथे आणखी एक कारण आहे आणि ते सौंदर्याचे नसून शिस्तीचे आहे. पठारावर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे आणि त्यांतील काही जाती फार मर्यादित प्रदेशात आढळतात. चित्रासाठी ताटव्यात शिरून बसणाऱ्यांनी, आडवे पडणाऱ्यांनी त्यांचे जे नुकसान केले त्यातूनच आखलेल्या वाटा, प्रवेशशुल्क आणि पर्यटकांच्या संख्येवरील मर्यादा आल्या. वन विभागाबरोबर हे काम कास, एकीव, आटाळी, कासाणी यांसारख्या गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात, आणि भातशेती, गुरे आणि साताऱ्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलांनी पाठवलेला पैसा यांवर चालणाऱ्या या गावांना फुलांच्या हंगामात पहारा, वाहनतळ आणि मार्गदर्शन यांची मिळकत होते. पठाराला घातलेल्या कुंपणाचा प्रश्न मात्र वादाचा ठरला, कारण गुरांची चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजते आणि बुटक्या फुलांना ऊन मिळेनासे होते, असे स्थानिकांचे आणि काही अभ्यासकांचे म्हणणे आहे.

वाटेवरून न ढळता लहान फूल टिपण्यासाठी मॅक्रो भिंग लागते. मॅक्रो म्हणजे वस्तूची प्रतिमा संवेदकावर तिच्या मूळ आकाराएवढी पाडू शकणारे भिंग. अशी भिंगे ५०-६० मिलिमीटरचीही मिळतात, तथापि ९० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो कासला अधिक उपयोगी, कारण त्यात तेवढीच प्रतिमा अधिक अंतरावरून मिळते आणि पुढचे झाड चिरडत नाही. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी आहेत. जांभ्यावरच्या धुपलेल्या मातीत नायट्रोजन फार थोडा असल्याने पहिली आपल्या सूक्ष्म पिशव्यांत आणि दुसरी आपल्या चिकट केसांवर कीटक पकडून ती उणीव भरून काढते, आणि दवबिंदूच्या त्या केसांच्या टोकांवरील थेंब पाहणे हा मॅक्रो भिंग वागवण्याचा पुरेसा मोबदला आहे. पांढऱ्या मण्यांसारखा गेंद, पिवळी सोनकी आणि कवळा, तसेच सात वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलणारी टोपली कारवी यांनाही हेच भिंग पुरते. कासचा तलाव, ज्यातून सातारा शहराला पाणी जाते, पठाराच्या पुढे लागतो. तेथून बहुतेक वाहने परत फिरतात.

साताऱ्याहून महामार्गाने उत्तरेस आणि पाचवडच्या फाट्यावरून आत वळून वाईला पोचेपर्यंतचा भाग ऊस आणि हळदीच्या सपाट शेतांचा आहे आणि छायाचित्रणाच्या दृष्टीने तो लवकर ओलांडावा हे बरे.

वाई हे कृष्णाकाठच्या घाटांचे आणि देवळांचे गाव. मराठी विश्वकोशाचे संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुखत्वाखाली याच गावी झाले. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत निमुळती काढलेली आहे, ती पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. म्हणजे ही इमारत नदीपासून दूर सरकण्याऐवजी नदीशी वाटाघाट करते. कृष्णेला येथे कृष्णाबाई म्हणतात आणि हिवाळा सरताना तिचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला असे परंपरा सांगते. खान काही काळ वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये तो प्रतापगडाकडे निघाला तो येथूनच, हे लक्षात घेता त्या परंपरेला निदान भूगोलाचा आधार आहे.

जवळच्या मेणवलीत नाना फडणिसांचा वाडा आणि त्यामागे नदीत उतरणारा घाट आहे. घाटावरील देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगिजांकडील असून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर देशावर आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाल्याने हा घाट अनेकांना न पाहताही ओळखीचा असतो. भूदृश्याच्या भिंगांची येथे वेगळीच परीक्षा होते. रुंद भिंग लावून कॅमेरा शिखराकडे वर कलवला की संवेदकाचे प्रतल इमारतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, त्यामुळे देऊळ मागे कलंडल्यासारखे दिसते. त्यावर एक महाग उपाय म्हणजे शिफ्ट भिंग, ज्यात कॅमेरा सरळ ठेवून भिंगच वर सरकवता येते. दुसरा उपाय फुकटचा आहे आणि नदीने तो स्वतःच उपलब्ध करून दिला आहे. पलीकडच्या काठावर जाऊन ५० ते ८५ मिलिमीटरच्या भिंगाने पाहिले की कॅमेरा कलवावाच लागत नाही, शिखरे, पायऱ्या, धुणे धुणाऱ्या बायका आणि पाण्यातील प्रतिबिंब हे सगळे आपापल्या मापात राहते. एकोणिसाव्या शतकात या देशातील वास्तूंची छायाचित्रे घेणाऱ्यांजवळ मोठे लाकडी कॅमेरे असत आणि त्यांत भिंगाची पाटी वर सरकवण्याची सोय असे. आजची शिफ्ट भिंगे त्याच युक्तीची वारस आहेत.

वाईनंतर पसरणीचा घाट सुरू होतो आणि रस्ता थोड्याच वेळात पाचगणीच्या उंचीवर येतो. वाटेत उजव्या हाताला कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय उघडा पडतो. पाचगणीत निवासी शाळा, पारशी बंगले आणि इंग्रजांच्या काळात लावलेले सिल्व्हर ओक यांमुळे गावाला सह्याद्रीत परका वाटणारा एक तोंडवळा आला आहे. गावावरच्या टेबललँडविषयी गाइड आशिया खंडातील क्रमांकाचे जे दावे करतात ते बाजूला ठेवले तरी तो कासच्याच जातीचा, जांभ्याने झाकलेला, कडेला एकाएकी तुटणारा माथा आहे, आणि या प्रवासात रुंद भिंगाला त्याचे हक्काचे ठिकाण मिळते ते येथे. रुंद भिंगाला पायाजवळ काहीतरी सांगण्यासारखे लागते. टेबललँडवर खडकातील भेगा, पावसाच्या पाण्याची उथळ डबकी, त्यांत उतरलेले ढग आणि खडकाच्या रंगातील तांबूस-काळे पट्टे हे सगळे एका हाताच्या अंतरावर असते आणि त्यामागे क्षितिज सपाट असते.

जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही ठसठशीत हवे असतील तर भिंगाचे छिद्र किती उघडे ठेवावे हा प्रश्न येतो. छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात; फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागून हा अंक निघतो, म्हणून तो वाढला की छिद्र लहान होते आणि स्पष्ट दिसणारा पल्ला वाढतो. २४ मिलिमीटरच्या भिंगात एफ/११ ठेवून सुमारे १.८ मीटरवर फोकस केला तर ०.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. ज्या अंतरावर फोकस केल्याने हे घडते त्याला हायपरफोकल अंतर म्हणतात. २०० मिलिमीटरच्या भिंगात एफ/८ वर हेच अंतर १६७ मीटरांच्या आसपास जाते, म्हणजे लांब भिंग जवळच्या दगडाला चौकटीत स्पष्टपणे घेऊच शकत नाही. मग छिद्र अगदी लहान का करू नये, तर फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एफ/१६ नंतर साऱ्याच चित्राची धार बोथट होऊ लागते. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या गटाने ‘एफ/६४’ हे नाव मिरवले ते त्यांच्या मोठ्या आकाराच्या फिल्मला ते छिद्र मानवत होते म्हणून. त्यांचे अनुकरण आजच्या लहान संवेदकावर केले तर उलटाच परिणाम होतो.

पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चमक कापण्यासाठी पोलरायझर हा फिरता फिल्टर लावतात. पावसानंतरच्या हिरव्या रंगाला त्याने खोली येते, कारण पानांवरील पांढुरकी चमक गेल्यावर खालचा रंग दिसतो. निळे आकाशही तो गडद करतो, परंतु सूर्याशी काटकोन करणाऱ्या पट्ट्यातच हा परिणाम सर्वाधिक असल्याने १६ मिलिमीटरच्या चौकटीत आकाशाचा मधलाच भाग काळवंडतो आणि कडा फिक्या राहतात. टेबललँडवर काढलेल्या किती तरी चित्रांत हा डाग दिसतो, आणि रुंद भिंगावरून पोलरायझर उतरवून ठेवणे एवढाच त्यावरचा इलाज आहे.

पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर वीस किलोमीटरांच्या आत आहे, पण पावसाच्या हिशेबाने हे दोन वेगळे प्रदेश आहेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीच्या कड्यावर चढून थंड होते आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत जावे तसा तो झपाट्याने उतरतो आणि वाईपर्यंत एक हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. छायाचित्रकाराला हा उतार भिंगाच्या काचेवर जाणवतो. गाडीतील वातानुकूलनाने थंड झालेले भिंग बाहेरच्या दमट हवेत आणताक्षणी त्यावर दव धरते, ते पुसले तरी पुन्हा धरते, आणि काच बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत ढग पांगण्याची नेमकी वेळ निघून गेलेली असते. जाणकार म्हणून घाट चढतानाच गाडीच्या खिडक्या उघडतात आणि थांबण्यापूर्वी भिंगे बंद पिशवीत ठेवून हळूहळू तापू देतात.

महाबळेश्वरचे थंड हवेचे ठिकाण मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३० या काळात आकाराला आले, आणि बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव त्यांच्यामुळेच पडले. सरकारने येथे आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि परदेशी भाज्यांची लागवड रुजवली. स्ट्रॉबेरीने पुढे त्या बागायतीचे रूपच पालटले आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळे हिवाळ्यात येतात, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल मातीचे गादीवाफे, त्यांवर ताणलेले प्लास्टिकचे कागद आणि त्यांतील छिद्रांत लावलेली रोपे यांनी उतार आखून काढलेले असतात. वरच्या वळणावरून १५० ते ३०० मिलिमीटरच्या भिंगाने पाहिले तर निवळ रेघांचे चित्र मिळते, आणि पर्यटनाच्या गावातील शेतीची अर्थव्यवस्था त्यात एखाद्या सूर्यास्ताच्या चित्रापेक्षा अधिक दिसते.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम येथे मानतात. कृष्णा येथून पूर्वेला निघून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री कडा उतरून पश्चिमेकडे बाणकोटच्या खाडीला, म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळते. याच जलविभाजकाच्या टोकाला आर्थर सीट आहे. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव लाभलेल्या या कड्यावरून सावित्रीच्या खोऱ्यात पाहताना प्रवाशाचा हात सवयीने सर्वांत रुंद भिंगाकडे जातो, कारण समोरचा विस्तार खरोखरच मोठा आहे. आणि घरी परतल्यावर सर्वाधिक निराशा ज्या चित्रांनी होते ती नेमकी हीच असतात. पायाशी काहीच नाही, दरी एकदम तुटलेली, आणि पलीकडचे कडे दोन-चार किलोमीटर दूर, त्यामुळे १६ मिलिमीटरच्या चौकटीत वर आकाश, खाली धुके आणि मध्ये बोटाएवढी काळसर पट्टी एवढेच उरते. भव्यता गेली कोठे, असा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वारंवार वर आलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत जाऊन दख्खनचे पठार बनले. त्या थरांतील घट्ट बेसॉल्टचा भाग सरळ कडा धरून उभा राहतो, तर वायूच्या पोकळ्यांनी भरलेला आणि दोन प्रवाहांमधल्या काळात झिजून तांबडा झालेला भाग लवकर खचून उतार बनतो. त्या उतारावर गवत उगवते आणि कड्यावर उगवत नाही. पावसाळ्यानंतर म्हणूनच सह्याद्रीच्या भिंतीवर काळे आणि हिरवे आडवे पट्टे दिसतात, एकेक पट्टा जवळजवळ एकेका प्रवाहाचा, आणि मैलोगणती तो आपली पातळी सोडत नाही. १९८० च्या दशकात भूवैज्ञानिकांनी रासायनिक घटकांवरून या थरांची जी वर्गवारी केली, तीत वरच्या गटाला वाईचे नाव मिळाले आणि त्यातील खालून वर जाणाऱ्या पहिल्या तीन स्तरसमूहांना पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे मिळाली. म्हणजे हा रस्ता ज्या गावांवरून आणि घाटांवरून जातो ती नावे जगभरच्या भूशास्त्रीय लेखनात रूढ झाली आहेत.

या भूदृश्याची भव्यता अशी आडव्या थरांच्या आवर्तनात आहे, आणि आवर्तन दाखवायला अरुंद कोन लागतो. ७० ते २०० किंवा १०० ते ४०० मिलिमीटरच्या झूम भिंगाने एक कडा, त्यामागची धार, तिच्यामागची धार असे चार-पाच पदर एका चौकटीत घेतले की प्रत्येक पदरावरचे पट्टे मोजता येतात. दूरच्या धारा अधिक फिक्या आणि निळसर होत जातात, कारण मधल्या हवेतील कण प्रकाश विखुरतात. सकाळी प्रकाश पाठीमागून येत असताना हे पदर सपाट दिसतात आणि दुपार कलल्यावर पश्चिमेचा प्रकाश समोरून येऊ लागला की एकमेकांपासून सुटे होतात. या कड्यावरचा वारा खाली फेकलेली हलकी वस्तू वर परत आणतो आणि पर्यटकांची त्याने करमणूक होते, पण लांब भिंगाला तोच वारा हलवतो, आणि भिंग जितके लांब तितकी ती थरथर चित्रात मोठी दिसते. ट्रायपॉडची मधली दांडी वर न काढणे, भिंगाचे लांब हूड उतरवून ठेवणे आणि निदान १/५०० सेकंदाचा वेग राखणे हे येथे महागड्या काचेपेक्षा जास्त कामी येते.

आंबेनळी घाटाने उतरताना जावळीचे रान दोन्ही अंगांनी जवळ येते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध त्याच्या पायथ्याशी झाला. खानाचा तळ कोयनेकाठच्या पार या गावी होता. वाईच्या मोकळ्या खोऱ्यातून येथे येणाऱ्या फौजेला तोफा, हत्ती आणि घोडदळ यांचा उपयोग का राहिला नाही, याचा उलगडा ग्रंथांपेक्षा या रस्त्यावर चटकन होतो : दृष्टी शंभर पावलांपलीकडे पोचत नाही. घाटमाथ्यावरून २०० मिलिमीटरच्या भिंगाने गड पाहिला तर तो कोकणाच्या निळसर पार्श्वभूमीवर सुटा उभा दिसतो आणि त्याने घाटवाटांवर कशी नजर ठेवली असेल ते कळते; जवळ गेल्यावर मात्र रान आणि धुके त्याला झाकून टाकतात.

घाटरस्त्यावर अदलाबदल करण्याच्या निश्चित फोकल लेंग्थच्या भिंगांपेक्षा, ज्यांना प्राइम म्हणतात, झूम भिंग बरे पडते. प्राइम भिंगे हलकी असतात, अंधूक प्रकाशात अधिक उजेड घेतात आणि त्यांचे पुरस्कर्ते दोन पावले पुढे-मागे सरकण्याचा उपदेश करतात; येथे पुढे दरी असते, मागे कड्यावरून निथळणारे पाणी असते, मधून एसटी जात असते आणि उभे राहण्यापुरती रुंदी एखाद्याच वळणावर मिळते. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडतो, त्यामुळे सुट्या दगडांच्या कड्याखाली थांबून भिंग बदलत बसणे शहाणपणाचे नव्हे. झिमझिम पावसात भिंग काढणे म्हणजे संवेदकावर थेंब घेणे, हा आणखी वेगळा मुद्दा. २४ ते १०५ मिलिमीटरचे एक झूम भिंग कॅमेऱ्यावर ठेवून हा घाट उतरावा; वळणावरचा धबधबा, समोरच्या उताराची भातखाचरे आणि धुक्यातून निघणारी गुरे या सगळ्यांना ते पुरते.

पोलादपुरास रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि सावित्री पुन्हा भेटते, आता रुंद आणि गढूळ. येथून मागे पाहिले तर सगळी भिंत एकदम नजरेसमोर असते, पण ती आता खालून वर पाहायची असल्यामुळे कॅमेरा उभा धरून ८५ ते १०० मिलिमीटरच्या भिंगाने खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी घ्यावी आणि त्या पुढे संगणकावर जोडाव्यात, हे एका रुंद चित्रापेक्षा अधिक सुसंगत ठरते. तळाशी पोलादपूरचे थर, मध्ये आंबेनळीचे आणि ढगात महाबळेश्वरचे अशी सारी मांडणी मग एकाच चित्रात वाचता येते. कोकणातील हवा वरच्या मानाने उबदार आणि तितकीच दमट असते, आणि अशा हवेत बंद पिशवीत राहिलेल्या भिंगांच्या आत, काचेच्या कडेने, बुरशीचे तंतू धरू लागतात. ते एकदा काचेवरील लेपात रुतले की साफ करूनही खूण राहते. चामड्याच्या डब्यांत ओल टिकते म्हणून भिंगे हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, वाळवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात. जेल ओल शोषून घेते आणि तव्यावर मंद आचेवर तापवली की पुन्हा वापरता येते. मुक्कामाला पोचल्यावर आधी बाहेरून पाणी टिपायचे, मग भिंगांची मागची-पुढची झाकणे काढून ती पंख्याच्या हवेत तासभर ठेवायची आणि त्यानंतरच डबा बंद करायचा.